ग्रँड व्हिटारा की हायरायडर? (स्ट्राँग हायब्रिड, कोकणातल्या वापरासाठी)

मळेवाट
नमस्कार मंडळी. गाव गुहागर तालुक्यात, डांबरी सोडून आत. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार खाली बसायची गाडी नको आणि फार उंच चढायचीही नको. चिपळूणला सारखं जाणं असतं, अधूनमधून कुंभार्लीने पुणं, आणि एप्रिल-मेमध्ये आंबा. वर्षाला बारा ते पंधरा हजार किलोमीटर होतात. सध्याची सीएनजी गाडी आता थकली आहे आणि पंपावरच्या रांगेत उभं राहून मीही थकलोय.

डिझेल नको. बायकोला ऑटोमॅटिकच हवी. फिरून फिरून मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या दोघींवर येऊन थांबलोय, दोन्ही स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाबरोबर विजेच्या मोटरवरही चालणाऱ्या). दोन्ही शोरूमवाले आपलीच कशी भारी ते सांगतात आणि फरक विचारला की चहा मागवतात.

आणखी एक. आमचं घर रस्त्यापासून बरंच खाली आहे. उतरण जांभ्याची, पावसात शेवाळ धरते. हायब्रिड तिथून वर येईल का, हे मला कुणीच धड सांगत नाही. ज्यांनी वापरली आहे त्यांनी कृपया लिहा.

तिखटजाळ
मी पयला! दोन्ही एकच गाडी आहे. बायकोला रंग विचारा आणि घ्या. धागा बंद.

स्पॅनर_चौदा
तिखटजाळ, एकच आहे हे खरं, पण धागा एवढ्यात बंद करू नका.

दोन्ही गाड्या २०२२ च्या सप्टेंबरात आल्या. दोन्ही कर्नाटकात बिडदीला टोयोटाच्या कारखान्यात बनू लागल्या. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) तोच २६०० मिमी, खालची मोकळी जागा तीच २१० मिमी, पेट्रोलची टाकी तीच ४५ लिटर. स्ट्राँग हायब्रिडमध्ये १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे आणि ते टोयोटाचं आहे. म्हणजे मारुतीच्या शोरूममधून घेतलीत तरी बॉनेटखाली टोयोटाच. उलट साध्या म्हणजे माइल्ड हायब्रिडमध्ये १४६२ सीसीचं चार सिलिंडरचं सुझुकीचं इंजिन असतं, मग पुढच्या जाळीवर बिल्ला टोयोटाचा का असेना. २०१९ मध्ये बलेनोला टोयोटाचा बिल्ला लावून ग्लान्झा काढली, तेव्हापासून यांचं असंच चाललंय.

फरक उरतो तो तोंडवळ्यात, आतल्या रंगात, कुठल्या व्हेरियंटला काय मिळतं त्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्व्हिस कुणाकडे करायची त्यात. वॉरंटीचा फरक पूर्वी मोठा होता. मारुती दोन वर्षं किंवा ४०,००० किमी देत असे. २०२४ पासून तेही तीन वर्षं किंवा एक लाख किमी देतात, टोयोटाइतकंच. हायब्रिड बॅटरीला दोघांकडेही आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी आहे.

खाडीपलीकडचा
हायब्रिड म्हणजे ती आमच्या शेजाऱ्यांच्या एर्टिगाच्या मागे लिहिलेलं असतं तेच ना? ते म्हणतात काही फरक पडत नाही, नुसतं स्टिकर आहे.

स्पॅनर_चौदा
@खाडीपलीकडचा, ती माइल्ड. तिच्यात छोटी मोटर इंजिनाला जरा हात देते आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन चालू करते. नुसत्या विजेवर गाडी ढकलायची ताकद तिच्यात नाही. स्ट्राँगमध्ये ८० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) वेगळी मोटर आहे, इंजिन पूर्ण बंद ठेवून गाडी चालते. इंजिन ९२ पीएसचं, दोन्ही मिळून साधारण ११५. तिला चार्जर लावायचा नसतो. ब्रेक दाबताना आणि इंजिन चालताना बॅटरी आपोआप भरते.

अजून एक, घाटात राहणाऱ्यांना हे आवडेल. तिच्यात क्लच नाही, स्टार्टर नाही, आल्टरनेटर नाही, बेल्टवाली सीव्हीटीही (पायऱ्यांचे गिअर नसलेली ऑटोमॅटिक) नाही. नाव ई-सीव्हीटी असलं तरी आत ग्रहमालेसारखी गिअरची रचना आणि दोन मोटरी. जळायला क्लचप्लेटच नाही.

अडकित्ता
माझ्याकडे हायरायडर स्ट्राँग हायब्रिड आहे, दापोलीला. मीच चालवते, नवरा बाजूला बसून सूचना देतो. जे अनुभवलं ते लिहिते.

आमच्याकडचे रस्ते म्हणजे वळण, गाव, म्हैस, परत वळण. चाळीस-पन्नासच्या वर काटा जातच नाही. इथे ही गाडी अक्षरशः पाणी पिऊन चालते. कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किमी आहे, तो विसरा. दापोली-खेड-चिपळूण अशा फिरण्यात मला २२ ते २४ मिळतं, एसी लावून. मुंबईला जाताना मोकळ्या रस्त्यावर १०० च्या वर पळवली की १८-१९. म्हणजे इतर गाड्यांच्या बरोबर उलट: हायवेला कमी, गावात जास्त.

मला सगळ्यात सुख दाभोळच्या जेट्टीवर मिळतं. मे महिन्यात धोपाव्याला जायच्या रांगेत गाडी उभी असते, इंजिन बंद, तरी एसी चालू, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर आहे. मधूनमधून इंजिन उठतं, बॅटरी भरतं, झोपतं. फक्त एक लक्षात ठेवा. फेरीबोटीत चढल्यावर गाडी गप्प असते म्हणून ती बंद आहे असं समजून उतरू नका. डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिसत असेल तर ती चालू आहे. आमचे हे असेच उतरून भेळ खायला गेले होते.

तोटा: डिकी. बॅटरी डिकीच्या तळाखाली असल्यामुळे तळ वर आलाय. आंब्याच्या पेट्या एका थरात नीट बसतात, दुसरा थर लावला की मागची काच झाकते. मागची सीट पाडली तरी तळ सपाट होत नाही, पायरी राहते. तुमचा आंबा किती जातो त्यावर ठरवा.

आणि कोंबड्या उठत नाहीत. कमी वेगात गाडी विजेवर असते. पादचाऱ्यांसाठी ती बारीक गुणगुणते, पण आमच्या वाडीतल्या कोंबड्यांना ते गुणगुणणं कळत नाही.

मालवणी_खाजा
काय रे मेल्यानू, गाडीचो धागो आसा की इंजिनेरिंगचो पेपर? माका येकच सांगा, त्या डिकीत सुरमयचो क्रेट बसतलो काय? आणि पाणी गळला तर बॅटरीक शॉक लागतलो काय माका?

अडकित्ता
@मालवणी_खाजा, बसतो. खाली जाड प्लास्टिकची ट्रे टाका. शॉक नाही बसणार, पण वास आठ वर्षांच्या वॉरंटीत येत नाही.

मस्करी सोडून सांगायचं तर बॅटरी थंड ठेवायला गाडीतलीच हवा ओढतात, तिची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यावर पिशव्या, घोंगडी, सुपाऱ्यांची पोती रचू नका. आपल्याकडे लाल धूळ, शिवाय कुत्रा बसत असेल तर केस. सर्व्हिसला दिली की ती जाळी साफ करायला आठवणीने सांगा, आपणहून करतीलच असं नाही.

हिशेबी_माणूस
कुणी पैशाचं बोलत नाही म्हणून मी बोलतो. त्याच गाडीची माइल्ड ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग यात साधारण दोन लाखांचा फरक धरू. पेट्रोल १०५ रुपये धरू. माइल्ड ऑटोमॅटिकला खरं ॲव्हरेज १६ धरलं तर किलोमीटरला ६ रुपये ५६ पैसे. स्ट्राँगला २३ धरलं तर ४ रुपये ५७ पैसे. वाचले दोन रुपये. म्हणजे दोन लाख वसूल व्हायला एक लाख किलोमीटर. मळेवाट यांच्या वापराने सात-आठ वर्षं. दोन लाखांचं व्याज मी धरलेलंच नाही.

ज्याचं वर्षाचं धावणं पंचवीस हजार आहे त्याने डोळे मिटून स्ट्राँग घ्यावी. बारा हजारवाल्याने पैसे वाचवायला म्हणून घेऊ नये.

अडकित्ता
@हिशेबी_माणूस, हिशेब बरोबर आहे, पण गाडी घेताना सनरूफचा हिशेब कुणी मांडत नाही. माइल्डचं इंजिन आणि हिचं गप्प चालणं यात जो फरक आहे त्याचे पैसे मी दिले.

हिशेबी_माणूस
ताई, मग तसं म्हणा की. शांततेचे दोन लाख. माझी हरकत नाही.

तिखटजाळ
शांतता पाहिजे तर नवऱ्याला मागे बसवायचं. फुकट.

गणिताचा_तास
घाटाबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. शाळेत विज्ञान शिकवतो, खोड जात नाही.

उतारावर बॅटरी फुकट भरते हे ऐकून लोकांना वाटतं की कुंभार्ली उतरलो की चिपळूणपर्यंत विजेवर. तसं नाही. या गाडीची बॅटरी फक्त ०.७६ युनिटची आहे. माणसं-सामानासह गाडी १६०० किलो धरा आणि ४०० मीटर खाली उतरा. १६०० गुणिले ९.८ गुणिले ४०० म्हणजे सुमारे ६३ लाख ज्यूल, म्हणजे पावणेदोन युनिट. काही घर्षणात गेली, काही हवेत गेली, तरी उरते ती या छोट्या बॅटरीत मावत नाही. शिवाय आयुष्य टिकावं म्हणून तिला कधीच काठोकाठ भरू देत नाहीत. थोडक्यात, निम्मा घाट उतरायच्या आधीच ती ‘पुरे’ म्हणते.

पुरे म्हटल्यावर काय? ब्रेकमधून वीज घेणं थांबतं आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. यासाठीच गिअरच्या दांडीवर डी-च्या पुढे ‘बी’ दिलाय. त्यात टाकलं की इंजिन पेट्रोल न जाळता फिरत राहतं आणि गाडीला धरून ठेवतं. आवाज मोठा होतो, घाबरू नका. आंबा घाटात, कुंभार्लीत उतरताना बी वापरा. रोजच्या सपाट रस्त्यावर वापरू नका, त्याने काही वाचत नाही.

चढताना उलट. बॅटरी रिकामी होत आली की गाडी ९२ पीएसच्या इंजिनावरच असते आणि तीन सिलिंडर ओरडतात. पाच माणसं, सामान, एसी, कुंभार्ली: चढते निश्चित, पण पुढच्या ट्रकला ओलांडायची घाई करू नये.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणकर म्हणून एक मुद्दा. २२ जुलै २०२१ ला आमच्या गल्लीत गाड्या नुसत्या बुडाल्या नाहीत, तरंगून एकमेकींवर चढल्या. माझी डिझेल गेली त्यात. तेव्हापासून गाडी बघताना मी आधी विमा बघतो.

हायब्रिड पाण्यात गेली तर करंट लागेल ही भीती लोकांना असते. उच्च दाबाचं वायरिंग गाडीच्या पत्र्यापासून पूर्ण वेगळं असतं, बिघाड कळला की रिले म्हणजे आतले स्विच आपोआप तुटतात. तरी बुडालेल्या गाडीची नारिंगी वायर कुणीही हातात धरू नये, ते शिकलेल्या माणसाचं काम. खरा धोका खिशाला आहे. बॅटरी मागे खाली बसते, तिच्यात चिखलाचं पाणी शिरलं तर आठ वर्षांची वॉरंटी काही कामाची नाही, कारण पूर हा कंपनीचा दोष नव्हे.

म्हणून इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर) आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत परत) ही दोन्ही जोडकवचं घ्याच, आणि हायब्रिड बॅटरी त्यात धरली आहे का ते लेखी घ्या. माझ्या वेळी विमावाल्याने ‘पाण्यात असताना इंजिन चालू केलंत’ एवढ्या एका वाक्यावर निम्मा दावा कापला होता. गाडी पाण्यात होती त्या वेळी मी छपरावर होतो, हे सांगून उपयोग झाला नाही. पाणी उतरलं की बटणाला हात लावायचा नाही, फोटो काढायचे आणि टोइंग बोलवायचं. आणि टोइंगवाल्याला सांगायचं, पुढची चाकं उचलून न्या. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ही गाडी ओढायची नसते. धक्का मारून चालू तर ती होतच नाही.

खाडीपलीकडचा
एवढं सगळं वाचून माझी जुनी ऑल्टो मला परत आवडायला लागलीय.

पॉवरहाऊस_पेंडसे
२०२५ मध्ये पेट्रोलची गाडी कोण घेतं? जीएसटी बघा. २२ सप्टेंबरपासून या आकाराच्या हायब्रिडला ४० टक्के, आधी सेस धरून ४३ होता. इलेक्ट्रिकला ५. सरळ इलेक्ट्रिक घ्या, अंगणात चार्ज करा, वर सोलर. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर तरी माफ केला, आपल्याकडे तेही नाही.

अडकित्ता
@पॉवरहाऊस_पेंडसे, ३ जून २०२०, निसर्ग वादळ. दापोली-मंडणगडकडे कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडे लागले. तेव्हा अंगणात गाडी चार्ज करायला या, पोहे करून ठेवते. पेट्रोलचा पंप जनरेटरवर चालू होता.

पॉवरहाऊस_पेंडसे
वादळ रोज येतं का?

अडकित्ता
वीज रोज जाते.

स्पॅनर_चौदा
+१. अर्थात ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत त्याने एक इलेक्ट्रिक घ्यायला काहीच हरकत नाही. मळेवाट यांची एकच आहे.

रातांबा
मारुतीचीच व्हिक्टोरिस कशी विसरलात? तीही सप्टेंबर २०२५ मध्ये आलीय, तेच स्ट्राँग हायब्रिड, भारत एनकॅपला (अपघात-सुरक्षेच्या चाचणीत) पाच तारे. ग्रँड व्हिटाराला जायच्या आधी तिच्यात एकदा बसून या.

बाकी मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून चारपदरी होतोय, तो पूर्ण होईपर्यंत हायब्रिडची बॅटरी दोनदा बदलून होईल.

तिखटजाळ
महामार्ग आला! मला वाटलंच होतं. पॉपकॉर्न आणा.

खाडीपलीकडचा
माणगाव-इंदापूरला मी एवढा वेळ उभा असतो की तिथे मला रेशनकार्ड मिळायला हवं. तेवढ्या वेळात हायब्रिडचं ॲव्हरेज काय येतं हो ताई?

अडकित्ता
गाडी हललीच नाही तर ॲव्हरेज कशाचं?

रातांबा
२०२५ च्या गणपतीला कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा गाड्या रेल्वेवर चढवून न्यायची सोय काढली होती. तोच हायब्रिड समजा, गाडी रेल्वेवर आणि आपण डब्यात.

गणिताचा_तास
मंडळी, महामार्गाचे धागे आधीच भरपूर आहेत. मूळ प्रश्नात घराच्या उतरणीचा मुद्दा होता, त्याला कुणी हात लावला नाही.

मळेवाट, स्ट्राँग हायब्रिड फक्त पुढच्या चाकांवर चालते. चारही चाकांना जोर माइल्ड हायब्रिडमध्येच मिळतो. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात, आणि नेमकी तीच ओढणारी. शेवाळावर ती फिरणार. जुनी युक्ती म्हणजे रिव्हर्सने चढवायची: मग ओढणारी चाकं खालच्या अंगाला येतात, त्यांच्यावर वजन पडतं.

स्पॅनर_चौदा
सर, युक्ती बरोबर, पण या गाडीत एक मेख आहे. हिच्यात रिव्हर्सचा वेगळा गिअर नाही. मागे जाताना चाकांना जोर एकट्या मोटरचा मिळतो, इंजिन मदतीला येऊ शकत नाही. ते चालू झालं तर फक्त वीज बनवतं. पुढे जाताना दोघांचा जोर, मागे येताना एकाचाच. तीव्र चढ, भरलेली गाडी आणि रिव्हर्स हे हिचं दुखरं अंग.

रातांबा
काहीतरीच. आमच्या आत्तेभावाची आहे, तो गॅरेजच्या चढावर रोज रिव्हर्सने घेतो. कागदावरचं सगळं खरं नसतं.

स्पॅनर_चौदा
@रातांबा, तुमच्या आत्तेभावाचा चढ किती? आणि गाडीत तो एकटा असतो की आत्याही? मोटर १४१ न्यूटन-मीटरची आहे, ती काही लेचीपेची नाही. साधा चढ चढेलच. मळेवाट यांचा चढ कसा आहे ते मी पाहिलेलं नाही, तुम्हीही पाहिलेलं नाही.

वाशिष्ठीकाठ
यावर वाद कशाला? टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा. शोरूमच्या समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर बैलगाडीसुद्धा छान चालते.

मळेवाट
सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला वेळ लागला. वाशिष्ठीकाठ यांचं ऐकून दोन्ही शोरूमवाल्यांना सांगितलं की गाडी घरी आणा, उतरण चढून दाखवा. एकाने दोनदा तारीख बदलली, शेवटी दोघेही आले.

झालं असं. पाऊस नुकताच थांबला होता. गाडी खाली आणली, मी, बायको, बाबा आणि सेल्समन बसलो. पुढच्या तोंडाने चढवली. मधल्या वळणापर्यंत नुसती मोटरवर, आवाजही नाही. वळणावर जिथे फणसाची सावली पडते तिथे शेवाळ कधी सुकत नाही. तिथे उजवं पुढचं चाक जागच्या जागी फिरलं, डॅशबोर्डवर घसरण्याचा पिवळा दिवा लुकलुकला, इंजिन एकदम ओरडलं आणि तुळशीवृंदावनापर्यंत लाल चिखल उडाला. आई खळ्यातून ओरडली ती वेगळीच. पाय हलका केल्यावर दुसऱ्या चाकाला जोर मिळाला आणि चढली. रिव्हर्सने मी एकटा बसून केली तेव्हा सावकाश पण सरळ चढली. चौघं बसून केली तेव्हा त्याच वळणाखाली थांबली, पुढे सरकेना. सेल्समनने घाम पुसला आणि म्हणाला, ‘साहेब, एवढ्या चढावर कुणी रिव्हर्स घेत नाही.’

दुसऱ्या कंपनीची गाडी अगदी तशीच वागली, त्याच जागी. त्यावरून स्पॅनर_चौदा यांचं पहिल्या दिवसाचं म्हणणं पटलं: दोन्ही एकच.

बाबांनी यावर तोडगा काढला. गवंडी बोलावून वळणावरचा जांभा उकरून काँक्रीट आणि त्यात आडव्या खाचा. फणसाच्या दोन फांद्याही उतरवणार. चारही चाकांच्या माइल्ड हायब्रिडपेक्षा गवंडी स्वस्त पडतो.

आता प्रश्न फक्त सर्व्हिसचा. तिथे जाऊन काय विचारू?

स्पॅनर_चौदा
उतरणीचं वाचून मजा आली. सर्व्हिसला गेलात की मॅनेजरच्या केबिनमध्ये बसू नका, सरळ मागे शॉपफ्लोरवर जा. विचारा की हायब्रिडच्या उच्च दाबाच्या कामाचं प्रशिक्षण घेतलेला माणूस इथे कोण, आणि तो आज कामावर आहे का. त्याला भेटा. रबरी हातमोजे आणि बॅटरीचा सर्व्हिस प्लग (कामाआधी उच्च दाब तोडायचा खटका) कुठला ते तो दाखवू शकला तर ठीक. ‘तसा माणूस कोल्हापूरहून येतो’ असं उत्तर आलं तर समजून घ्या की तुमची गाडीही तिथपर्यंत जाणार.

तेल, फिल्टर, ब्रेक ही कामं कुठेही होतात. ब्रेकपॅड या गाड्यांत फार टिकतात, कारण निम्मं काम मोटर करते. पण आपल्या खाऱ्या हवेत डिस्क न वापरल्याने गंजते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बाहेर काढल्यावर मोकळ्या रस्त्यावर दोनचारदा ब्रेक जरा दाबून मारा. खालून गंजरोधक लेप मारताना कारागिराला नारिंगी वायर आणि कनेक्टर झाकायला सांगा.

अडकित्ता
आणि उंदीर! उंदरांचं कुणीच लिहिलं नाही. काजूच्या दिवसांत बॉनेटखाली आमच्याकडे संसार थाटला होता, वॉशरच्या पाण्याची नळी कुरतडली. सुदैवाने तेवढ्यावर भागलं. तंबाखूच्या पानांची पुरचुंडी ठेवते, रात्री बॉनेट उघडं टाकते, आणि गाडीत शेंगदाण्याचा दाणा राहू देत नाही. पॉलिसीत उंदरांनी केलेलं नुकसान धरलंय का, तेही विचारा.

मालवणी_खाजा
मांजर पाळा. मांजराक जीएसटी नाय.

मळेवाट
गेलो होतो दोन्हीकडे. एका ठिकाणी तो माणूस भेटला, हातमोजे दाखवले, एक हायरायडरच्या जातीचीच गाडी उघडून ठेवली होती तीही दाखवली. दुसऱ्या ठिकाणचं वर्कशॉप मला मुळातच लांब पडतं, तिथे जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो.

तिखटजाळ
अहो पण घेतली कोणती?

मळेवाट
ग्रँड व्हिटारा, स्ट्राँग हायब्रिड, डेल्टा प्लस. वरचं व्हेरियंट सोडलं कारण मोठ्या सनरूफमुळे मागे बाबांचं डोकं छताला टेकत होतं आणि सनरूफमधून आमच्याकडे येणार काय तर नारळाची झावळी. वर्कशॉप चिपळूणच्या रोजच्या वाटेवर आहे, बाकी काही नाही. टोयोटावाला जवळ असता तर ती घेतली असती.

विम्यात वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलेली दोन्ही कवचं घेतली. बॅटरीबद्दल लेखी मागितल्यावर एजंट दोन दिवस गायब झाला, पण आणून दिलं.

हिशेबी_माणूस
अभिनंदन. गवंड्याचा खर्च ऑन-रोड किमतीत धरा.

अडकित्ता
अभिनंदन! एमएच-०८ च्या क्लबात स्वागत. बहीण लागते आमच्या गाडीची. पेढे धोपाव्याच्या जेट्टीवर द्या, मी पलीकडून येते.

कुडाळकर_परळ
धागा वाचून काढला, उपयुक्त. माझी थोडी वेगळी अडचण. मी नोकरीला मुंबईत, गाडी कुडाळच्या घरी ठेवणार. गणपती, शिमगा, मे महिना एवढीच चालणार, मधे दोन-दोन महिने उभी. अशा वापराला स्ट्राँग हायब्रिड घेऊ का?

स्पॅनर_चौदा
@कुडाळकर_परळ, घेऊ नका असंच म्हणेन. मोठी बॅटरी उभी राहून एवढ्यात काही होत नाही, पण गाडी जागी करायचं काम साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचं असतं. ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी ‘रेडी’ होत नाही आणि ढकलून उपयोग नाही. घेतलीतच तर घरी कुणाला तरी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रेडीत ठेवायला सांगा, नुसतं बटण दाबून रेडिओ लावला तर ती आणखी उतरते. जमणार नसेल तर १२ व्होल्टचा मेंटेनर चार्जर (ती बॅटरी भरलेली ठेवणारा) लावून ठेवा.

कुडाळकर_परळ
घरी काका आहेत, पण ते रेडिओच लावतील.

स्पॅनर_चौदा
मग माइल्ड मॅन्युअल घ्या.